इलेक्ट्रिकलला काय शिकलो, कामावर काय लागलं : अनुभव धागा

भाचीने यंदा इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राऊंडला इलेक्ट्रिकलचा पर्याय भरलाय. घरचे सगळे 'कॉम्प्युटरच घे' म्हणून मागे लागलेत. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो : कॉलेजात हाताखाली काय आलं, नोकरीत काय समोर आलं, आणि अभ्यासक्रम तुमच्या हाती दिला तर काय काढाल, काय ठेवाल? कॉलेजांची नावं नकोत, कुणाची उणीदुणी नकोत. जमेल तेवढं सविस्तर लिहा.

सबस्टेशनकर (पारेषण, टेस्टिंग)

१९९८चा बीई. आमच्या स्विचगिअर लॅबमध्ये इंडक्शन डिस्कचा रिले (जादा करंट आला की लाईन तोडायचा इशारा देणारं उपकरण) होता. प्लग सेटिंग (किती करंटला रिले चालावा ते) लावायचं, डिमरस्टॅटने करंट चढवायचा आणि तबकडी फिरून कॉन्टॅक्ट लागेपर्यंत स्टॉपवॉच धरायचं. ग्राफ काढला की सबमिशन झालं. ते वाया गेलं असं मुळीच नाही. करंट वाढला की वेळ कसा घटतो ते डोळ्यांनी दिसलं.

पण आता नव्या सबस्टेशनात एका बेचा (एका लाईनच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या स्विचगिअरचा विभाग) ट्रिप, म्हणजे ब्रेकर तोडायचा हुकूम, दुसऱ्या बेला तांब्याच्या तारेऐवजी फायबरवरून, गूज नावाचा नेटवर्क मेसेज म्हणून जातो. आयईसी ६१८५० या सबस्टेशन-संवादाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची कृपा. नवीन मुलांना डिफरन्शियल प्रोटेक्शन (आत जाणारा आणि बाहेर येणारा करंट ताडून फॉल्ट ओळखणं) तोंडपाठ असतं, पण इथरनेट स्विचवरच्या व्हीलॅनबद्दल (एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे) विचारलं की 'सर, ते आयटीवाल्यांचं.' नाही बाबा, आता ते आपलंच! फॉल्ट झाल्यावर रिलेतून रेकॉर्ड उतरवायचा, तिन्ही फेजचे वेव्हफॉर्म बघायचे आणि नेमकं काय झालं ते सांगायचं, हे रोजचं काम. असा रेकॉर्ड छापून 'वाचा' म्हणणारा प्रश्न एकाही पेपरात दिसला नाही. जुना रिले फेकू नका, शेजारी एक न्यूमेरिकल, म्हणजे मायक्रोप्रोसेसरवाला, ठेवा.

लोकलवाले (रेल्वे, निवृत्त)

'डीसी मोटर अजून कशाला शिकवता' म्हणून सगळे तुटून पडतात, म्हणून लिहितो. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्ट डीसीवर. मुंबईतून डीसी पूर्ण हद्दपार व्हायला २०१६ उजाडलं, तिथे आता २५ हजार व्होल्ट एसी. त्या काळात डीसी सिरीज मोटर ज्याला कळली त्याचं पोट भरलं. तेव्हा तो धडा चुकीचा नव्हता. आता गाडीखाली थ्री फेज इंडक्शन मोटर आणि तिच्यामागे इन्व्हर्टर आहे. तरीही लॅबमधल्या सहा-सात प्रयोगांत स्विनबर्न आणि हॉपकिन्सन या डीसी मशीनच्या टेस्ट ठाण मांडून बसल्यात, हे मात्र पटत नाही. एखादी ठेवा.

पार्क_अॅव्हेन्यू (मोटर कंट्रोल, चाकण)

काकांशी सहमत, पण माझा अनुभव थोडा उलटा आहे. थर्ड इयरला सिंक्रोनस मशीनमध्ये पार्क ट्रान्सफॉर्मेशन (तीन फेजच्या राशी रोटरबरोबर फिरणाऱ्या दोन अक्षांवर मांडायचं गणित) होतं. सरांनी मॅट्रिक्स फळ्यावर लिहिलं, आम्ही घोकलं, सात मार्क पदरात पाडले. १९२९चं गणित, कशाला हवंय, असं सगळ्यांचं मत. आज मी इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरचा कंट्रोलर करते. त्यात सेकंदाला हजारो वेळा हेच गणित चालतं : तीन फेजचे करंट मोजायचे, रोटरच्या कोनावरून डी आणि क्यू असे दोन भाग करायचे, टॉर्क क्यूवर सांभाळायचा. कोन जरा चुकला तर मोटर गुरगुरते, तापते, ढकलत नाही. तेव्हा जुनी थिअरी कापायला निघालेल्यांनी जरा थांबा. काढायचंच असेल तर ते घोकणं काढा. तेच मॅट्रिक्स सी भाषेत प्रोग्राम म्हणून लिहायला लावा आणि ऑसिलोस्कोपवर दाखवा.

फळा_खडू (प्राध्यापिका, संलग्न कॉलेज)

सगळे सल्ले वाचले. आता पलीकडची बाजू. संलग्न कॉलेजला अभ्यासक्रमातली ओळसुद्धा बदलता येत नाही. ते स्वायत्त कॉलेजांना जमतं. विद्यापीठाचा पॅटर्न बदलतो तेव्हा 'इलेक्ट्रिक व्हेईकल', 'स्मार्ट ग्रिड' असे विषय येतात, पण विषयाबरोबर यंत्र येत नाही. मग स्मार्ट ग्रिडही पीपीटीवर. त्यात २०२४पासून चांगल्या संस्थांसाठी एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) जागांची कमाल मर्यादा उठवली. जागा वाढल्या कॉम्प्युटरच्या, आणि आमची एक प्रयोगशाळा त्यांच्या वर्गासाठी गेली. सिम्युलेशनला मॅटलॅबचं लायसन्स परवडत नाही म्हणून रडण्यापेक्षा मी सायलॅब (मॅटलॅबसारखंच मोफत सॉफ्टवेअर) आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम (सर्किट सिम्युलेशनसाठी) वापरते. फुकट आहे, मुलांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं.

डिप्लोमावाला (सोलर, यवतमाळ)

आधी डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर. फेब्रुवारी २०२४मध्ये घराच्या छतावरच्या सोलरची सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी, आणि आमच्याकडे फोन थांबेनात. गिऱ्हाईकाचा ठरलेला प्रश्न : "लाईन गेली की सोलर असूनही घरात अंधार कसा काय जी?" बीई झालेली मुलं इथे गप्प होतात. ग्रिड मेला की साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद व्हायलाच हवा, नाहीतर तारेवर चढलेल्या लाईनमनला उलट वीज जाईल. याच आयलंडिंगची (ग्रिड बंद असताना सोलरने लाईनीत वीज सोडत राहणं) व्याख्या त्यांना पाठ आहे, पण समोरच्या शेतकऱ्याला सांगता येत नाही.

दुसरी भानगड म्हणजे डीसी बॉक्सात (सोलर पॅनेलच्या तारा येतात तो डबा) बसवलेला साधा एसी एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच). एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी विझते. डीसीला शून्यच नाही, त्यामुळे आर्क तसाच पेटता राहतो. एका ठिकाणी आतून जळून काळा पडलेला असाच डबा उघडला होता. वरून पाहता सगळं ठीकठाक होतं. व्हायव्हाला दोन्ही एमसीबी हातात द्या आणि फरक विचारा, एवढंच माझं म्हणणं.

फळा_खडू

@डिप्लोमावाला, दोन एमसीबी पुढच्या सेमला आणतेच. एवढ्याला मंजुरी लागत नाही. तो जळका डबा टाकला नसेल तर कुरियर कराल का?