मदत हवी आहे : फाशीच्या पद्धतीवर न्यायमूर्तींची भिन्नमतं, वादविवादात कशी वापरू?

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा, लॉच्या दुसऱ्या वर्षाला, जळगावला रोज अप-डाउन. पुढच्या आठवड्यात धुळ्याला वादविवाद स्पर्धा आहे. विषय 'गळफासाची पद्धत रद्द व्हावी'. चिठ्ठीत अनुकूल बाजू आली. शिक्षा असावी की नसावी हा वाद नाही, फक्त पद्धतीचा. घरी विषय काढला तर बाबा म्हणे, "मग काय त्याला गादीवर निजवून मारायचं?"

अडचण अशी, की आपल्याकडे निव्वळ पद्धतीवरून फूट पडलेली मला सापडत नाही. दीना खटल्यात (१९८३) सर्वोच्च न्यायालयाच्या तिन्ही न्यायमूर्तींनी गळफास वैध ठरवला. बच्चन सिंग खटल्यात न्या. भगवती एकटे विरोधात गेले, फासाच्या यातनांवरही लिहिलं, पण त्यांचा विरोध मुळात शिक्षेलाच. ते मांडलं की समोरचा 'विषयाला धरून बोला' म्हणणार.

अमेरिकेत मात्र पद्धतीवरूनच जुंपते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे ग्लॉसिप (२०१५) आणि बकल्यू (२०१९) हे निकाल, दोन्ही पाच विरुद्ध चार. बहुमत म्हणतं, पद्धत क्रूर आहे असं म्हणणाऱ्या कैद्यानेच कमी यातनेचा, मिळण्याजोगा पर्याय दाखवावा. म्हणजे मरायची सोयही त्यानेच बघायची! विरोधात गेलेल्या न्या. सोटोमायोर यांनी ग्लॉसिपमध्ये या अटीवर सडकून टीका केली.

दीनात सरन्यायाधीशांनी उलट भार सरकारवर टाकला : पद्धत न्याय्य आहे हे सरकारने सिद्ध करावं. मला वाटतं आमची बाजू इथेच भक्कम आहे. १९८३ मध्ये सरकारने भार पेलला म्हणून तो कायमचा पेलला असं थोडंच आहे? विधी आयोगाने २००३ मध्ये प्राणघातक इंजेक्शनचा पर्याय सुचवलाच होता.

हा मुद्दा टिकेल का? आणि दीनाचा पूर्ण निकाल कुठे मिळेल? लायब्ररीतला तो खंड बाइंडिंगला गेलाय, कधी येईल देव जाणे.

जुना_वकील_धुळे :
भाऊ, मुद्दा चांगला आहे, पण इंजेक्शनवर सगळी भिस्त ठेवू नको. ग्लॉसिपचं भांडण इंजेक्शनवरूनच होतं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने मृत्युदंडासाठी नायट्रोजन वायू वापरला, तेव्हाही तिथल्या सर्वोच्च न्यायालयातल्या तीन न्यायमूर्ती विरोधात होत्या. प्रतिस्पर्धी हेच काढेल. त्यापेक्षा सैन्य कायदा काढ, तिथे गळफास किंवा गोळी असे दोन्ही मार्ग आहेत.

आणि गळफासाचं कलम सांगताना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३५४(५) म्हणू नको, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३९३(५). परीक्षक वकील असले तर तिथेच पकडतील.

निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या डिजिटल एससीआर (निकालांचा अधिकृत ऑनलाइन संग्रह) वर फुकट आहे. तिघांचीही पानं वाच. निष्कर्ष एक असला तरी कारणं एकच असतात असं नाही.

अमळनेरकर :
धन्यवाद दादा. दीनाचा निकाल तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांचा आणि २०२३ मध्ये याच प्रश्नावर सरकारकडे माहिती मागणारे तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड त्यांचे चिरंजीव, हे सांगू का?

जुना_वकील_धुळे :
एका वाक्यात सांग आणि पुढे जा. टाळ्या मिळतील, गुण मिळतीलच असं नाही.