दुकान समुद्राच्या ६१ मीटर खाली दाखवतंय! वाडीचा पूरनकाशा कसा करू?

खाजणवाला:
नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ गोवळकोटच्या खाली वाशिष्ठीच्या काठाला आमची वाडी, तिथे माझं किराणा दुकान. २२ जुलै २०२१ ला पाणी किती चढलं ते मला कुणी सांगायला नको. जोत्यावर भिंतीतले जांभ्याचे सात चिरे, म्हणजे तेलाचे डबे ठेवतो ती फळी. २००५ ला पाच चिरे होतं.

ग्रामपंचायतीत निवडून आल्यापासून डोक्यात आहे, की वाडीचा एक नकाशा असावा. पाणी कुठवर आलं की कुणाला आधी उठवायचं, एवढंच त्यातून कळलं तरी पुरे. भाच्याने लॅपटॉपवर नकाशे करायचं क्यूजीआयएस टाकून दिलं आणि तो मुंबईला पळाला. मी इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून कार्टोडेम, म्हणजे उपग्रहाने मोजलेल्या जमिनीच्या उंच्यांचा संच, उतरवलं, तर दुकानाची उंची उणे ६१ मीटर. द्वारकाच झाली की आमची!

मग नासाचं एसआरटीएम, म्हणजे रडारने मोजलेला तसाच संच, घेतलं. त्यात खाजणाला लागून असलेली माडांची बाग चक्क टेकडी दिसते. त्या बागेतून २०२१ ला होडी गेलेली मी डोळ्यांनी बघितली. सहा मीटरच्या खालचं सगळं निळं केलं, तर बाग कोरडी राहिली आणि ज्या देवळाला कधी पाणी शिवलं नाही ते बुडालं. वाडीत हसं होईल, म्हणून कुणाला दाखवलेलं नाही.

कुठली उंची खरी धरू? माझ्याकडे तेवीस घरांच्या भिंतींवरचे डाग आहेत, सगळे चिऱ्यांत मोजलेले. त्यांचा काही उपयोग?

पऱ्याकाठची:
काका, माहेर गुहागरचं, नोकरी पुण्यात, आणि दिवसभर हेच काम करते. आधी ते उणे ६१. कार्टोडेम उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती गोळ्यापासून, समुद्रसपाटीपासून नाही. आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटी त्या गोळ्याच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. तो फरक उणे ६१ मध्ये मिळवलात की दुकान पाच-सहा मीटरवर येईल. दोन वेगळ्या संचांतल्या उंच्या एकाच नकाशात मात्र मिसळू नका, घोळ होतो.

टेकडी म्हणजे तुमचे माडच. रडारला जमीन दिसत नाही, झावळ्या दिसतात. कोपर्निकसचा ३० मीटरचा संच फुकट आहे आणि बराच बरा आहे, पण तोही झाडांचे शेंडेच मोजतो. झाडं-घरं हिशेबाने वजा केलेला फॅबडेम संच मिळतो, बागेसाठी तो लावून बघा. तरीही एक चौकोन ३० बाय ३० मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांना मिळून एकच आकडा. कोपर्निकसवाले स्वतःच म्हणतात, की दहातल्या नऊ ठिकाणी चूक चार मीटरच्या आत असते. चार मीटर म्हणजे तुमच्या दुकानाच्या लादीपासून कौलांपर्यंत! यावरून कोणतं घर आधी बुडेल ते ठरवता येणार नाही.

म्हणून त्या तेवीस डागांचा उपयोग काय विचारताय, तर खरा माल तोच आहे. उपग्रहावरून पूर बघावा तर तो आपल्याकडे हुकतो. सेंटिनेल-१ चे रडार-उपग्रह ढगांतून बघतात खरे, पण एकेकाची फेरी बारा दिवसांनी, आणि आपल्या नद्या सह्याद्रीवरून उतरून दुसऱ्या दिवशी ओसरलेल्या असतात. त्यातून दाट घरांमधलं पाणी रडारला नीट दिसतही नाही.

अजून एक. क्यूजीआयएसला वाशिष्ठीचं पाणलोट काढायला सांगितलंत तर ते सह्याद्रीच्या धारेवर थांबेल. कोयनेचं पाणी वीज करून पोफळी-कोळकेवाडीमार्गे याच नदीत येतं, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंतची परवानगी आहे. जमिनीच्या चढउतारातून हे पाणी कधीच कळणार नाही, ते हाताने धरावं लागतं.

अर्जुनाकाठ:
राजापूरकडून बोलतोय. अर्जुना आणि कोदवली एकत्र आल्या की आमची बाजारपेठ गेली. पण पाणी नदीकडून चालत येतं असं समजू नका. आधी गटारं उलटी वाहतात. काठापासून लांबचं दुकान भिजतं आणि काठावरचं अजून कोरडं असतं. त्यामुळे किती चढलं याबरोबर किती वाजता आणि कुठून आलं हेही लिहून घ्या, आणि भरती होती का तेही. २०२१ ला पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत तेवढ्याच पावसाला तेवढं पाणी तुंबलं नसतं.

आणि लोक डाग दाखवतीलच असं नाही हां. आमच्याकडे एकाने डागावर रंग मारला. प्लॉट विकायचा होता. लाल पूररेषेची धास्ती!

पऱ्याकाठची:
ती धास्ती अर्धी गैरसमजातून आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. पण १०० म्हणजे एकदा आला की पुढची पिढी सुटली असं नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर शंभरात सव्वीस. काकांच्या दुकानात सोळा वर्षांत दोनदा आलंच की.

ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या नकाशावर रस्ते, पऱ्ये, साकव, शाळा खुशाल टाका, सगळ्यांच्या कामी येतील. डाग घरमालकांच्या नावांनिशी कुठेही चढवू नका. ते वहीत राहू देत.

खाजणवाला:
ताई, डोक्यात प्रकाश पडला. पण चिऱ्यांची एक भानगड आहे. प्रत्येकाचं जोतं वेगळं. माझे सात चिरे आणि शेजारच्याचे चार, पाणी तेच. शाळेच्या भिंतीवर २००५ ची खूण होती, ती रंगकामात गेली.

पऱ्याकाठची:
सगळे डाग एका पक्क्या खुणेशी जोडा. देवळाची पायरी घ्या, ती हलत नाही. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी घेऊन पायरीपासून घरोघर जा आणि शेवटी परत पायरीवर या. आकडा जुळला तर काम बरोबर. पायरीची समुद्रसपाटीपासूनची उंची नंतर कुणा सर्व्हेअरकडून घेता येईल. वाडीपुरतं कोण कुणाच्या खाली एवढं कळलं तरी आधी कुणाला उठवायचं ते ठरतं.

खाजणवाला:
गवंडी घरचाच आहे. नळी किती लांब आणू?

अर्जुनाकाठ:
वीस मीटर. पाण्यात थोडी निळी टाका, उन्हात पातळी दिसत नाही. आणि बुडबुडा अडकू देऊ नका, आमचं एका बुडबुड्याने मारुतीचं देऊळ वीतभर वर गेलं होतं.