पश्चात्ताप, उपकारस्तुती आणि ऋण : एक शब्दचर्चा

चर्चेचा प्रस्ताव (सांगली)

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) रविवारच्या शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर, म्हणजे लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायावर, मुलांकडून चार-चार ओळी लिहून घेतल्या. अकरा वह्यांपैकी नऊ वह्यांत 'पश्चाताप' असा एकाच 'त'चा शब्द होता. 'पश्चात्' आणि 'ताप' असे दोन शब्द जोडून तो झाला असल्यामुळे त्यात दोन 'त' येतात, हे मी फळ्यावर फोड करून दाखवत असताना एका मुलीने विचारले, "सर, पश्चात्ताप म्हणजे सॉरी म्हणणंच ना? मग ते तर आम्ही घरी रोज करतो."

तिला समाधानकारक उत्तर माझ्याकडून गेले नाही. 'नंतर होणारी जळजळ' एवढाच या शब्दाचा अर्थ असेल, तर शास्त्रात, म्हणजे बायबलात, देव ज्या पश्चात्तापाची अपेक्षा करतो तो या शब्दात मावतो का, असा प्रश्न माझ्या मनात राहिला. त्याला लागून दुसराही प्रश्न आहे. आपण ख्रिस्ती लोक 'उपकारस्तुती' म्हणतो, तर इतर मराठी लोक 'आभार' आणि 'धन्यवाद' म्हणतात. हा फरक केवळ सवयीचा आहे की अर्थाचाही आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद (वाई)

मी ख्रिस्ती नाही. अनेक वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे शब्दांपुरतेच लिहितो.

'पश्चात्ताप' या शब्दात काळ आहे आणि दाह आहे. दिशा मात्र नाही. कृत्य घडून गेल्यावर मन भाजते, एवढेच तो सांगतो. भाजलेल्या मनाने पुढे काय करावे, याविषयी तो काही बोलत नाही. संतांनी अधिक आपलासा केलेला शब्द 'अनुताप' होय. एकनाथी भागवतात तो जागोजागी भेटतो, आणि तेथे अनुतापाला वैराग्याची, म्हणजे पुढच्या आचरणाची, जोड असते. साताऱ्यात १९१७ साली 'देवाचा दरबार' सुरू करणारे नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत असत, आणि ख्रिस्ती भक्ती त्यांनी अभंगाच्या वळणाने मांडली. तेव्हा 'अनुताप' हा शब्द तुमच्या उपासनेला परका वाटण्याचे कारण नाही, असे मला वाटते.

एका शब्दापासून मात्र मुलांना वेगळे ठेवावे, आणि तो शब्द म्हणजे 'प्रायश्चित्त'. आपल्या समाजात प्रायश्चित्त हा विधी आहे. तो पश्चात्तापावाचूनही करता येतो. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, झाले, त्यात न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. चहा पिणे त्यांना पाप वाटत होते म्हणून त्यांनी ते घेतले नाही. आपल्यामुळे स्नेह्यांची कुचंबणा होऊ नये म्हणून घेतले. तुमच्या मराठी शास्त्रात हाच शब्द ख्रिस्ताला लावलेला आहे, असे माझ्या वाचनात आले आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात 'तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे' असे म्हटले आहे. म्हणजे जुन्या शब्दाचा कर्ताच तेथे बदलला आहे, कारण ज्याने अपराध केला त्याच्याऐवजी दुसऱ्यानेच प्रायश्चित्त घेतले आहे. ज्या अनुवादकाने हा शब्द निवडला, त्याला मराठी माणसाच्या मनात काय हलणार आहे याची पुरती जाण असली पाहिजे.

प्रतिसाद (मिरज)

तीस वर्षे मी मिरजेत परिचारिका होते. 'उपकार' या शब्दाची दोन रूपे मी रोज पाहिली आहेत, म्हणून त्याविषयी लिहिते.

जत-आटपाडीकडचे रुग्ण बरे होऊन निघाले, की क्वचितच 'धन्यवाद' म्हणत. "लई उपकार झालं बाई," असे म्हणत आणि लगेच "हे कवा फेडायचं?" असे पुसत. बोचक्यातून शेंगा काढून टेबलावर ठेवत. त्यांच्या बोलण्यात उपकार आणि फेड हे शब्द जोडीनेच येत. 'उतराई होणे' आणि आईबापांचे 'पांग फेडणे' हे आपले शब्दप्रयोगही त्याच घरातले आहेत. आपल्या भाषेत कृतज्ञता ही नुसती भावना राहत नाही. ती देणे म्हणून डोक्यावर बसते, आणि ते देणे उतरवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

घरात मात्र हाच शब्द विषासारखा वापरलेला मी ऐकला आहे. "एवढं केलं ते काय उपकार केलेस का?" आणि "माझे उपकार विसरलीस," ही दोन वाक्ये भांडणात आली, की त्या रात्री चूल पेटली तरी घास उतरत नाही. विचार केल्यावर माझ्या ध्यानात आले ते असे, की 'उपकार' हा शब्द घेणाऱ्याने उच्चारला तर त्याचे मन मोठे होते, आणि देणाऱ्याने उच्चारला तर दिलेलेही परत घेतल्यासारखे होते. 'उपकारस्तुती' या शब्दाचे मोल मला तेथे कळते. ती नेहमी घेणाऱ्याच्याच तोंडी असते, आणि तिच्यात फेड नसून स्तुती आहे, कारण देवाची फेड करता येत नाही. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे पौलाचे वचन थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. तेथे 'सर्व स्थितीसाठी' असे म्हटलेले नाही, 'सर्व स्थितीत' असे म्हटले आहे. ज्या घरात लेकरू दगावले आहे, तेथे जाऊन त्या मृत्यूबद्दल आभार माना असे कोणी सांगू नये. मी तसे सांगणारे लोक पाहिले आहेत, आणि तो वचनाचा अर्थ नव्हे, असे मला कळकळीने म्हणायचे आहे.

'धन्यवाद' या शब्दाविषयीही थोडे लिहिते. १०३ व्या स्तोत्रात 'हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर. त्याचे सर्व उपकार विसरू नको' असे आहे. येथे 'धन्यवाद' एकवचनी आहे, आणि 'धन्य' असे बोलणे, थोरवी गाणे, हा त्याचा अर्थ आहे. दुकानदाराने सुट्टे पैसे दिल्यावर आपण म्हणतो ते 'धन्यवाद' निराळे. जुना अर्थ उपासनेत टिकून राहिला आहे, तो तसाच टिकावा.

'सॉरी'विषयी त्या मुलीला एक खूण सांगावी. 'चुकलं' या शब्दानंतर 'पण' आला, की कबुली संपते आणि वकिली सुरू होते. "चुकलं माझं, पण तूही त्या दिवशी…" एवढे ऐकले, की समोरचा माणूस पुढचे ऐकत नाही. ५१ व्या स्तोत्रात आपल्या पापाची कबुली देताना दावीद राजा एकदाही 'पण' म्हणत नाही.

प्रस्तावकाचे उत्तर (सांगली)

दोघांचाही मी मनापासून आभारी आहे. या निमित्ताने मूळ भाषांतील शब्द पुन्हा पाहिले.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत पश्चात्तापासाठी मुख्य शब्द 'मेटानोइया' आहे; त्याचा अर्थ मनाचा पालट. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतील संदेष्टे 'शूब' हे क्रियापद वापरतात. त्याचा साधा अर्थ परत फिरणे, मग ते रस्त्यावरून असो वा देवाकडे असो. वाईच्या सरांना जी दिशा 'पश्चात्ताप' या शब्दात सापडली नाही, ती येथे आहे. मराठी अनुवादकांनी शब्द बदलला नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात मुळाप्रमाणेच दोन क्रियापदे शेजारी-शेजारी ठेवली आहेत : 'पश्चात्ताप करा व वळा'. मला वाटते, मुलांना पहिले क्रियापद शिकवताना दुसरे आपण गाळत आलो आहोत.

येशूला धरून देणाऱ्या यहूदाची गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचावी. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदा 'पस्तावला' असे म्हटले आहे, आणि तेथे ग्रीकमध्ये 'मेटानोइया'चे रूप नाही, मागाहून खंत वाटणे या अर्थाचे दुसरेच क्रियापद आहे. यहूदाने तीस रुपये परत केले, 'मी पाप केले' अशी कबुलीही दिली. परंतु पैसे तो याजकांकडे घेऊन गेला आणि कबुलीही त्यांच्यापाशीच दिली. ज्याला धरून दिले त्याच्याकडे तो वळला नाही. येशूला आपण ओळखत नाही असे तीनदा सांगणारा शिष्य पेत्र, त्याचा अपराधही लहान नव्हता. तोही मोठ्या दुःखाने रडला, आणि पुढे समुद्रकाठी येशू दिसताच नावेतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. पस्तावा दोघांनाही झाला. माघारी एकच आला.

कृतज्ञतेच्या बाजूनेही हेच दिसते, याचे मला नवल वाटले. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात, आणि त्यांपैकी एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहूद्यांच्या लेखी परका, परत येतो. नऊ जणांना आनंद झाला नसेल, असे कोण म्हणेल? ते घरी पोहोचले असतील, लेकराबाळांना भेटले असतील, देवाचे नावही त्यांनी घेतले असेल. येशू विचारतो ते एवढेच, की परत आलेला हा एकच का? त्या शोमरोन्याच्या आभार मानण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याच कुळातून प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीचे, 'यूखारिस्तिया' हे नाव आले, आणि त्याच्या पोटात कृपा या अर्थाचा 'खारिस' हा शब्द आहे. आपल्या 'कृपा' आणि 'कृतज्ञता' यांचे धातू निराळे असल्याने हे नाते मराठीत कानाला जाणवत नाही.

मराठीत मात्र एक गोष्ट अशी जुळून आली आहे, की ती मला फार मोलाची वाटते. 'मी तुमचा ऋणी आहे' हे आपण आभार मानताना म्हणतो. आणि प्रभूच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याच शब्दाने अपराध सांगतो. एकाच माणसाचे दोन्ही प्रकारचे ऋण आपल्यावर असू शकते. हे मला पुस्तकातून नव्हे, घरातून कळले.

वडील लवकर गेल्यावर मला थोरल्या भावाने शिकवले. माझ्या फीसाठी त्याने एक बैल विकला, हे मी अनेकदा मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांपुढे सांगताना, सांगितले आहे आणि सांगताना गहिवरलोही आहे. आमची विहीर सामाईक असून पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. वीज रात्रीची असे. दोन उन्हाळे माझी पाळी संपल्यावरही मी तासभर मोटार चालू ठेवली आणि दादाच्या वाट्याचे पाणी माझ्या हळदीला दिले. साक्ष आणि चोरी एकाच काळातली आहे.

एका प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, तर दान वेदीपुढे तसेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असे तेथे आहे. मी उठून बाहेर आलो. वाटेत सारखे वाटत होते, की ही माघार आहे. 'माघार घेणे' म्हणजे हरणे, आणि आमच्या भागात 'माघारी येणे' म्हणजे परतणे. लग्न झालेली लेक घरी येते तिलाही आम्ही माघारीणच म्हणतो. या दोन शब्दांतले अंतर त्या दीड मैलात मला चालून कापावे लागले.

दादा अंगणात शिजवलेली हळद वाळत घालत होता. मी म्हणालो, "दादा, रात्री पाळी संपल्यावर मी तुझं पाणी घेत होतो. दोन वर्षं." त्याने दाताळे थांबवले नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मोटारीचा आवाज मला ऐकू येत नव्हता, असं वाटलं व्हय तुला?"

दोन वर्षे त्याला ठाऊक होते. दोन वर्षे मी त्याच्या बैलाची साक्ष देत होतो, आणि तो समोरच्या बाकावर बसून ती ऐकत होता. मी काही बोलू शकलो नाही. त्याने दाताळे माझ्या हातात दिले आणि कडेची हळद उलटायची राहिली आहे, असे सांगून तो बैलांना पाणी पाजायला गेला.

येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने लुबाडलेल्याच्या चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती. मी पुढच्या पाळीपासून रोज तासभर आधी मोटार बंद करू लागलो. दादाने तो तास नाकारला नाही, आणि त्याने तो घेतला याचे मला फार बरे वाटले. नाकारला असता तर मी कायमचा त्याच्या उपकाराखाली राहिलो असतो. पाऊस लागायच्या आधी एका रात्री तोच विहिरीवर आला आणि म्हणाला, "आता पुरे. तुझी पाळी पुरी घे."

त्या मुलीला पुढच्या रविवारी हेच सांगणार आहे. 'पश्चात्ताप' हा शब्द दोन 'त' घालून लिहिण्याचा आग्रह कायम राहील, आणि त्याच्यापुढे 'व वळा' हेही वहीत लिहून घेणार आहे. 'वळणे' या अर्थी कराड, तासगाव, खानापूर या भागांतील मंडळींत जुन्या माणसांच्या तोंडी आणखी कोणते शब्द आहेत, ते वाचकांनी अवश्य कळवावे.