मदत हवी आहे: दवाखाना सांभाळून संशोधनपद्धतीचे ऑनलाइन प्रशिक्षण कोठे घ्यावे?

नमस्कार. मी एम. डी. मेडिसिन असून गेली अकरा वर्षे कुडाळजवळ स्वतःचे लहान रुग्णालय चालवतो. संशोधनाची पद्धत मला रीतसर शिकायची आहे आणि रोजचे काम न थांबवता पूर्ण करता येईल असा अभ्यासक्रम मी शोधतो आहे.

निमित्त एका वहीचे आहे. भाताच्या लावणीला जोर आला की आमच्याकडे लेप्टोस्पायरोसिसचे (उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाचे) पेशंट येऊ लागतात. गेल्या सहा पावसाळ्यांत तापाने दाखल झालेल्या प्रत्येकाची नोंद मी स्वतः ठेवली आहे: ताप येऊन किती दिवस झाले, चिखलात किती दिवस काम केले, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या किंवा पायाला जखम होती का, पोटऱ्या दाबल्यावर दुखतात का, प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिनची गोळी आधी घेतली होती का, रक्तातील प्लेटलेट आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन किती.

दोन वर्षांपूर्वी या नोंदींवर लेख लिहून मी एका नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला आणि दिलेली कारणे योग्यच होती. जुने केसपेपर पाहून केलेल्या अभ्यासालाही एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मान्यता लागते हे मला ठाऊक नव्हते. दुसरी त्रुटी अधिक गंभीर होती. ज्यांची लघवी बंद झाली किंवा ज्यांना दम लागू लागला, त्यांना आम्ही गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा कोल्हापूरला हलवतो आणि वहीत त्यांच्या नावापुढे फक्त ‘पाठवले’ एवढेच असते. सर्वांत आजारी पेशंटचे पुढे काय झाले हेच नोंदीत नाही. त्यांना गणतीतून वगळले, तर आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. हे मला परीक्षकांनी दाखवून दिल्यावर कळले, आणि हे आपल्याला आधी सुचायला हवे होते असे तेव्हापासून वाटते आहे.

त्यानंतर मी चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावरील जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम केला. व्याख्याने रात्री आपल्या सवडीने बघता येतात, परीक्षा तेवढी ठरल्या दिवशी केंद्रावर जाऊन द्यावी लागते. पाया पक्का झाला, पण माझी वही घेऊन शेजारी बसणारा शिक्षक त्यात मिळत नाही. परदेशी विद्यापीठांच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमांची चौकशी केली; त्यांचे शुल्क मला परवडणारे नाही. ज्यांचे शुल्क परवडते, त्यांचे थेट वर्ग संध्याकाळी सातला, म्हणजे ऐन ओपीडीत असतात. शिवाय जुलैत वीज आणि रेंज यांचा भरवसा नसतो, त्यामुळे व्याख्याने उतरवून ठेवण्याची सोय हवीच. माझ्याकडे रात्री साडेनऊनंतरचा तासभर आणि रविवारची दुपार असते.

जागा लहान आहे ही सबब मला पटत नाही. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड परिसरात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून, विंचूदंशावर जे काम केले आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तो आपल्याच कोकणातला दाखला आहे.

मला विचारायचे आहे ते असे. प्रशिक्षणार्थीच्या स्वतःच्या विषयावर, त्याच्या आराखड्यापासून लेखापर्यंत, कोणी तज्ज्ञ वेळोवेळी अभिप्राय देईल असा अभ्यासक्रम आपल्यापैकी कोणी केला आहे का, आणि आठवड्याला प्रत्यक्षात किती तास द्यावे लागले? संख्याशास्त्रासाठी ‘आर’ ही संगणकभाषा शिकावी, की माझ्यासारख्याला ‘एपी इन्फो’ हे साथरोगांच्या नोंदींसाठीचे सॉफ्टवेअर पुरेसे होईल? स्वतःची एथिक्स कमिटी नसलेल्या खाजगी डॉक्टरांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे अर्ज केला असेल, तर त्यांचा अनुभवही कृपया सविस्तर लिहावा.

यंदा जूनअखेरीस लावणी सुरू होईल. त्याआधी वहीऐवजी नोंदीचा नीट तक्ता तयार करून, हलवलेल्या पेशंटच्या घरी तिसाव्या दिवशी फोन करण्याचा रकाना त्यात घालून, तो जाणकाराकडून तपासून घ्यायचा आहे. एवढ्या एका कामाला मदत करू शकणाऱ्यांनीही अवश्य लिहावे.