काळ्या कातळाच्या पोकळीतले पांढरे खडे: गार, कॅल्साइट की झिओलाइट?

सिन्नरचा_मळा
नमस्कार मंडळी. विहिरीच्या खोदकामात काळ्या कातळात मुठीएवढ्या पोकळ्या लागल्या आहेत. आतून पातळ हिरवा थर, त्यावर फिकट गुलाबी पत्र्यांचे झुपके आणि सगळ्यात वर पाणीदार चौकोनी खडे, बोटाच्या पेराएवढे. गावात सगळे गारगोटी म्हणतात. हिरव्या थरामुळे तांबं लागलं अशीही चर्चा आहे. हे घरच्या घरी कसं ओळखायचं? ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आहे.

खडकवेडा
तांब्याचा विषय आधी मिटवू. बेसाल्टच्या पोकळीला आतून असा हिरवा लेप असतो तो बहुतेक वेळा सेलॅडोनाइटचा. अभ्रकाच्या कुळातलं मातकट खनिज आहे, नखानेही खरवडतं. हिरवेपणा लोहामुळे, तांब्याशी संबंध नाही.

आपला कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्याच या पोकळ्या. पुढे खडकात मुरलेलं पाणी तापलं, बेसाल्टमधली काच आणि फेल्डस्पार विरघळवत कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका सोबत घेऊन पोकळीत उतरलं आणि एकेक खनिज भिंतीवर बसत गेलं. म्हणून भिंतीला चिकटलेलं ते जुनं, मधल्या मोकळ्या जागेतलं ते नवं. जागा मोकळी होती म्हणूनच पैलू इतके रेखीव. ग्रॅनाइटमध्ये कण एकमेकांना खेटून वाढतात, पैलू धरायला जागाच उरत नाही.

तुम्ही सांगितलेला क्रम सेलॅडोनाइट, मग स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट (दोन्ही झिओलाइट, म्हणजे घडणीत पाणी धरून ठेवणारी ॲल्युमिनियम-सिलिकेट खनिजं), मग ॲपोफिलाइट असा वाटतो. नाशिक-पुणे-जळगाव पट्ट्यात ही संगत नेहमीची आहे. पण नुसत्या वर्णनावर शिक्कामोर्तब नको.

पाटन_आणि_कस
रंगावर अजिबात जाऊ नका. यातली बहुतेक खनिजं शुद्ध असली की पांढरी किंवा पारदर्शकच असतात. कसही (खनिज खरबरीत चिनीमातीवर घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग) इथे निरुपयोगी, कारण सगळ्यांचा पांढराच येतो. (कस हेमॅटाइट, मॅग्नेटाइटसारख्या धातुकांना लावावा. कपाच्या बुडाची बिनझिलईची कडा त्याला पुरते. हेमॅटाइटचा तांबडा, मॅग्नेटाइटचा काळा.)

सुरुवात चाकूने करा. आधीच तुटलेला तुकडा घ्या, चांगला पैलू खराब करू नका. खनिजांच्या १ ते १० अशा मोह्स मोजपट्टीवर स्टीलच्या चाकूची कठिनता साधारण ५.५. कॅल्साइट (चुनखडीचं खनिज, ३) सहज ओरखडतं, स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट (३.५ ते ४) थोड्या जोराने, ॲपोफिलाइट (४.५ ते ५) चांगलाच दाब दिल्यावर. गारेवर (म्हणजे गारगोटी, क्वार्ट्झ; ७) चाकू घसरतो आणि स्वतःचीच करडी रेघ सोडतो. इथेच लोक फसतात. रेघ ओल्या बोटाने पुसा. पुसली गेली तर ती चाकूची, खाच राहिली तर दगडाची. तांब्याचं नाणं वापरा असं पुस्तकांत असतं, पण आपली हल्लीची नाणी पोलादाची किंवा मिश्रधातूंची आहेत, त्यांनी निष्कर्ष चुकतो.

मग तुटलेली बाजू भिंगातून बघा. गारेला पाटन (ठरावीक दिशेने सपाट फुटणं) नाही, ती फुटक्या काचेसारखी वक्र फुटते. कॅल्साइट तीन दिशांनी तिरकस ठोकळ्यांत फुटतं, आणि स्वच्छ तुकडा छापील ओळीवर ठेवला तर अक्षरं दोन-दोन दिसतात. ॲपोफिलाइट एकाच दिशेने, माथ्याच्या सपाट पैलूला समांतर सुटतं. त्या माथ्यावर मोत्यासारखी झळाळी असते, बाजूच्या पैलूंवर काचेची चमक आणि उभ्या बारीक रेघा. एवढी खूण पटली तर काम जवळजवळ झालंच.

आता वजन. खडा कोरडा तोला. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. खडा बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) मिळतं. कॅल्साइट २.७१, गार २.६५, ॲपोफिलाइट २.३३ ते २.३७, स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट साधारण २.१ ते २.२. खडा २० ग्रॅमपेक्षा लहान असेल तर चूक फार वाढते. बेसाल्ट चिकटलेला असेल तर उत्तर जास्त येतं, बुडबुडे चिकटले तर कमी. पाण्यात थेंबभर भांडी घासायचा साबण टाकला की बुडबुडे सुटतात.

सिन्नरचा_मळा
केलं. कोरडा ४६.८, पाण्यात १९.९. चाकूने जोर दिल्यावर खाच पडली. माथा मोत्यासारखा, बाजूंना उभ्या रेघा. अक्षरं एकेकच दिसतात. गुलाबी झुपके मधोमध आवळलेले आणि दोन्ही टोकांना फुललेले आहेत. सगळं स्वच्छ करायला बाथरूम साफ करायचं ॲसिड चालेल का?

पाटन_आणि_कस
४६.८ भागिले १९.९ म्हणजे २.३५. ॲपोफिलाइट. झुपके स्टिल्बाइटचे, मधे आवळलेली पेंढी हीच त्याची खूण. ह्यूलँडाइटचे स्फटिक सुटे, मधे रुंद आणि टोकांना निमुळते असतात. ॲपोफिलाइट झिओलाइटच्या शेजारी सापडत असलं तरी झिओलाइट नाही, त्याच्या घडणीत ॲल्युमिनियम नसतं. दुसऱ्या पोकळीत पांढऱ्या सुयांचे झुबके मिळाले तर स्कोलेसाइट, मेसोलाइट की नॅट्रोलाइट हे डोळ्यांनी ठरवू नका, त्याला क्ष-किरण चाचणीच लागते.

खडकवेडा
ॲसिड अजिबात नको! त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. कॅल्साइट फसफसून विरघळतं, ॲपोफिलाइटचा पैलू धुरकट होतो, स्टिल्बाइटही खराब होतं. ओळख पटवायला कॅल्साइटच्या वेगळ्या चिमूटभर चुऱ्यावर व्हिनेगरचा थेंब पुरतो, बुडबुडे येतात. स्वच्छतेला साधं पाणी आणि मऊ दात-ब्रश, तोही फक्त पैलूंवर. सुयांच्या झुबक्यांना ब्रशही लावू नका, मोडतात. कापसासारखे पांढरे गोळे दिसले तर ते ओकेनाइट. हात लावला की केस चपटे होतात ते कायमचे. बाजारात निळे-गुलाबी ओकेनाइट दिसतात ते रंगवलेले, त्याचा नैसर्गिक रंग पांढराच.

गरम पाणी, उन्हात वाळवणं, हेअर ड्रायर हेही टाळा. या खनिजांच्या घडणीतच पाणी असतं. ते निघून गेलं की ॲपोफिलाइट पांढरं पडून पापुद्रे सुटतात. लॉमोंटाइट हे झिओलाइट तर नुसत्या कोरड्या हवेतही भुगा होतं. विहिरीतून ओलं, चांगलं दिसणारं काही वर काढल्यावर काही दिवसांत खडूसारखं झालं तर तेच समजा. अशा तुकड्यांना लगेच झाकणाच्या डब्यात, ओल्या कापसाबरोबर ठेवा.

पुढची पोकळी काढताना छिन्नी थेट स्फटिकांजवळ मारू नका. पोकळीच्या कडेपासून वीतभर अंतर ठेवून भोवतालचा कातळ फोडा आणि घड मागच्या दगडासकट उचला. आणि सुरुंग लावल्यावर सुटलेले दगड काठावरून काढल्याखेरीज कोणी विहिरीत उतरू नये.