मदत हवी आहे: ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंवर भाषण, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मी आरोग्यसेविका आहे. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, तिथं यंदा सावित्रीबाईंच्या जयंतीला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंय. समोर पहिली ते सातवीची मुलं, मागे त्यांच्या आया-आज्या आणि बचत गटाच्या बायका. वेळ दहा मिनिटं. लसीकरणाच्या दिवशी बायकांशी तासभर बोलते, पण माइकवर भाषण कधी केलेलं नाही.

जयंतीची भाषणं आपण सगळ्यांनीच ऐकलीत. १८३१ ला नायगावात जन्म, १८४८ ला भिडेवाड्यात शाळा, शेणाचा मारा, १८९७ ला निधन. मुलं लगेच चुळबुळ करायला लागतात. एवढी मोठी बाई सनावळीत हरवते, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून फक्त प्लेगबद्दल बोलावं असं मनात आहे. पुण्यात साथ आली तेव्हा त्यांनी डॉक्टर मुलाला, यशवंतला, बोलावून घेतलं. हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्या स्वतः पाठीवर घेऊन आल्या. पोरगा वाचला, पण त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. वय ६६. मी रोज रुग्णांमध्ये असते, त्यामुळे हे वाचलं की पुढं वाचवत नाही.

पण मुख्याध्यापक म्हणतात, शिक्षणाचं कार्य यायलाच हवं. दुसरीच्या पोरांना मृत्यूची गोष्ट कशी सांगायची, हेही कळत नाही. आणि पाठ करू की कागद हातात ठेवू? पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं अडतं.

---

ताई, मी शिक्षक आहे, दरवर्षी ही भाषणं बसवतो. विषय प्लेगचाच ठेवा, अजिबात बदलू नका.

शिक्षण त्या दवाखान्यातच आहे की! यशवंत हा काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा. फुले दांपत्यानं त्याला दत्तक घेतलं, शिकवून डॉक्टर केलं. माळावर रोग्यांची नाडी बघणारा तो डॉक्टर सावित्रीबाईंच्या घरात शिकून मोठा झालेला. एवढं सांगितलंत की मुख्याध्यापकांचंही समाधान होईल, आणि मागे बसलेल्या आयांना वेगळं काही समजवावं लागणार नाही.

लहान मुलांसाठी पोषण आहाराच्या खोलीतून तांदळाचं पोतं मागवा, पंचवीसेक किलो भरलेलं. आठ-नऊ वर्षांचं पोर साधारण तेवढंच भरतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सातवीतल्या दोघांना ते धरून चार पावलं चालायला सांगा. मग म्हणा, ६६ वर्षांच्या आजीनं एकटीनं असं पोर पाठीवर घेतलं होतं. मृत्यू एका वाक्यात, सरळ सांगा. मुलांना ते पेलतं. आपणच आवाज रडवेला केला की ती बावरतात.

पाठ करू नका. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच तोंडपाठ. मधल्यासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर शब्द लिहा: साथ, यशवंत, माळ, पोतं, पांडुरंग. वाक्यं तुमची तुम्हाला सुचतील, लसीकरणाच्या दिवशी सुचतात तशीच. "आदरणीय व्यासपीठ" करत सगळ्यांची नावं घेत बसू नका, सूत्रसंचालकानं ती घेतलेली असतात. कार्यक्रम पत्र्याच्या शेडमध्ये असेल तर आवाज घुमतो, तिथं सावकाश बोला. माइक हनुवटीच्या जरा खाली धरा, आणि मुलं जमायच्या आधी एकदा बोलून बघा.

---

सर, खूप आभार. यशवंतचा धागा माझ्या लक्षातच आला नव्हता. एकच विचारते: पोतं सुरुवातीलाच आणू की मध्ये?

---

मध्ये. मुंढव्याहून निघाल्या म्हणालात की लगेच. आधीपासून समोर ठेवलं तर पोरं भाषण सोडून पोत्याकडेच बघत बसतील.