बोटीच्या इंजिनवरून ट्रोलिंग मोटरची बॅटरी चार्ज करता येते का?

कोथरूडचा_पाणकावळा:
मंडळी एक शंका आहे, इथे होडीवाले आणि बॅटरीवाले दोन्ही आहेत म्हणून इथेच विचारतोय. भिगवणजवळ कुंभारगावला माझ्या मामेभावाची फायबरची होडी आहे, उजनीच्या पाण्यात लोकांना पक्षी दाखवायला नेतो, मी शनिवार-रविवार पुण्याहून मदतीला जातो. मागे २५ एचपीचं सेल्फ स्टार्ट आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या पाठीला बाहेरून लावायचं इंजिन आहे. पण इंजिन घेऊन फ्लेमिंगोंच्या जवळ गेलं की थवाच्या थवा उठतो आणि मग कॅमेरेवाले आमच्याकडे असं काही बघतात की विचारू नका. म्हणून यंदा पुढे ५५ पाउंड रेट्याची ट्रोलिंग मोटर, म्हणजे आवाज न करता होडी हळू चालवणारी विजेची छोटी मोटर लावली, १२ व्होल्टची, आणि तिला ई-रिक्षाची १०० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी. सकाळची फेरी झकास होते, संध्याकाळी मात्र निम्म्यातच बॅटरी उतरते. दुपारी चार्जर लावावा तर गावात लाईटचा भरवसा नाही. तर इंजिन चालू असताना त्याच्या अल्टरनेटरवरून ही पुढची बॅटरी चार्ज होईल का? तिथला मेकॅनिक म्हणतो स्टार्टिंग बॅटरीवरून, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मागच्या बॅटरीवरून दोन वायरी पुढे ओढा, झालं काम. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही तेही सांगता येत नाहीये. दोन बॅटऱ्यांत अंतर साधारण ५ मीटर.

फ्लायव्हील:
आधी कारचा अल्टरनेटर डोक्यातून काढा. तुमच्या एवढ्या आउटबोर्डला बेल्टवर फिरणारा वेगळा अल्टरनेटर नसतो, फ्लायव्हीलच्या आत लोहचुंबक असतात आणि त्याखाली स्टेटरची, म्हणजे जागेवर स्थिर असलेली कॉइल, तिथून एसी निघतो आणि रेक्टिफायर-रेग्युलेटर त्याचा डीसी करतो. कारला ७०-९० अँपिअर सहज मिळतात, इथे इंजिनचं मॅन्युअल काढून बघा, ६ पासून फार तर १५ पर्यंतचा आकडा असेल, आणि तो पण इंजिन जोरात असताना. आयडलला किंवा पक्ष्यांच्या जवळ हळू जाताना त्याच्या कितीतरी खाली. त्यातून स्टार्टिंग बॅटरी आपला वाटा आधी घेणार.
आता हिशोब करा. काठापासून पक्ष्यांपर्यंत जायला २० मिनिटं, यायला २० धरा. १० अँपिअर खरोखर मिळाले असं मानलं तरी जाऊन येऊन सहा-साडेसहा एएच. ट्रोलिंग मोटर फुल स्पीडला ५० अँपिअरच्या आसपास खाते, हळू चालवली तर १५-२०. दीड तास हळू चालवली तरी २५-३० एएच गेले. म्हणजे इंजिन पाव हिस्साच परत देतंय. संध्याकाळी निम्म्यात उतरते याचं गणित पण हेच आहे, लेड अॅसिडमधून निम्म्यापेक्षा जास्त काढायचं नसतं, शिवाय मोठा करंट ओढला की १०० एएच लिहिलेली बॅटरी १०० देतच नाही.

पानशेतचा_बाप्या:
एवढं काय त्यात राव, आम्ही पानशेतला चेंजओव्हर स्विच टाकलाय, एक-दोन-बोथ, म्हणजे पहिली बॅटरी, दुसरी किंवा दोन्ही एकत्र. इंजिन चालू झालं की बोथ करायचं, बंद करायच्या आधी एकवर आणायचं. कितीतरी दिवस चाललंय, काही झालं नाही. उगाच महागडे चार्जर कशाला.

नाना_पेठ_स्पेअर:
@पानशेतचा_बाप्या तुमचं चालतंय कारण स्विच फिरवायची तुम्हाला सवय आहे. यांच्या होडीत दहा माणसं, त्यातली चार उभी, एकजण विचारतोय तो कुठला पक्षी, अशात स्विच बोथवर राहून गेला की ट्रोलिंग मोटर पुढची बॅटरी संपवताना मागची पण खाली ओढते, आणि मग भर पाण्यात सेल्फ मारला की नुसतं टकटक. वल्ही असतील तर ठीक. आणि स्विच फिरवता फिरवता चालू इंजिनवर ऑफवर गेला तर रेक्टिफायर उडू शकतो, बॅटरी सुटली की व्होल्टेज जायला जागाच राहत नाही. मेकॅनिकच्या दोन वायरींना तर स्विचही नाही, तिथे मागची बॅटरी उतरायचा धोका कायमचाच.
पाणकावळा, करायचंच असेल तर दोन रस्ते. स्वस्तातला म्हणजे व्हीएसआर, व्होल्टेज बघून जोडणारा रिले, साधारण १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या खाली आलं की सोडतो, हाताने काही करायला नको. दोन्ही बॅटऱ्या लेड अॅसिड असतील तर हा चालतो. डायोडवाला, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणारा आयसोलेटर घेऊ नका, त्यात अर्धा-पाऊण व्होल्ट जातो आणि पुढची बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. दुसरा रस्ता डीसी-डीसी चार्जर, म्हणजे एका बॅटरीकडून करंट घेऊन दुसरी नीट चार्ज करणारा. पण इथे लोक फसतात, २० अँपिअरचा चार्जर २० द्यायला मागून २२-२५ ओढतो. इंजिन १० देत असेल तर बाकीचे कुठून येणार? स्टार्टिंग बॅटरीतूनच. म्हणजे इंजिन चालू असून ती उतरत जाते. म्हणून ज्याचा करंट कमी सेट करता येतो तोच घ्या आणि इंजिनच्या आउटपुटच्या निम्म्यावर ठेवा.
वायर पण बघा, ५ मीटर म्हणजे जाऊन येऊन १०. ६ स्क्वेअर एमएमच्या वायरीत २० अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या वर जातो, १६ ची घेतली तर ०.२ च्या आसपास. तांब्यावर पैसे वाचवू नका, पुण्यात तपकीर गल्लीत फिरलात तर टिन केलेली, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली मिळते का विचारा, पाण्यात साधं तांबं हिरवं पडतं. वायरीच्या टोकाला लग (बोल्टला बसणारं धातूचं टोक) दाबून घ्या, नुसतं पिळून टेप मारू नका.

कोथरूडचा_पाणकावळा:
बाप रे, हे एवढं असेल असं वाटलं नव्हतं. मग पुढे लिथियम टाकली तर? ती पटकन चार्ज होते म्हणतात.

फ्लायव्हील:
होते म्हणूनच भीती. लिथियम फेरो फॉस्फेटचा आतला रोध इतका कमी की ती स्टेटर देईल तेवढं सगळं खेचते, तासभर फुल लोडवर ती कॉइल तापत बसते. शिवाय भरली की किंवा काही चुकलं की तिचा बीएमएस, म्हणजे आतलं संरक्षण सर्किट, धाडकन बॅटरी तोडतं. त्यामुळे लिथियम असेल तर व्हीएसआर नाही, मध्ये डीसी-डीसी हवाच.
पण माझं मत विचाराल तर लिथियम इंजिनवरून चार्ज करायला नको, चार्ज करायची वेळच येऊ नये म्हणून घ्या. १०० एएचच्या लिथियममधून ८०-९० बिनधास्त वापरता येतात, वजन लेड अॅसिडच्या निम्म्याहून कमी. तुमच्या दोन्ही फेऱ्या मिळून ६० एएचच्या आत बसतात. रात्री लाईट असेल तेव्हा लिथियमच्या चार्जरवर लावा, जुना लेड अॅसिडचा लावू नका. ट्रोलिंग मोटर १४.६ व्होल्टपर्यंत चालेल का तेवढं फक्त तिच्या पुस्तकात बघा.

उन्हात_उभा:
सोलरचं कुणीच बोललं नाही. उजनीला दुपारी ऊन काय कमी असतं का, दोन फेऱ्यांत चार-पाच तास होडी काठालाच असते ना. २०० वॉटचं पॅनल आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारा), चांगल्या उन्हात १० अँपिअर बॅटरीत पडतात, म्हणजे दुपारभरात ३५-४० एएच. इंजिनपेक्षा कितीतरी बरं आणि पेट्रोल पण नाही. पॅनल होडीवर नको, कावळे-बगळे रंगवून ठेवतील, काठावर शेडवर टाका.

कोथरूडचा_पाणकावळा:
हे भावाला लगेच पटलं, त्याच्या शेडचा पत्रा दक्षिणेलाच उतरता आहे. म्हणजे आत्ता आहे त्याच बॅटरीला पॅनल, आणि ती दमली की लिथियम. इंजिनकडून फक्त स्टार्टिंग बॅटरी. मेकॅनिकला काय सांगू ते बघतो, तो रुसणार. एकच विचारायचं राहिलं, बॅटरी सीटखालच्या झाकणाच्या पेटीत आहे, चालेल?

नाना_पेठ_स्पेअर:
लेड अॅसिड असेपर्यंत नाही. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, झाकणाला वरच्या बाजूला भोकं पाडा आणि चार्जिंगच्या वेळी झाकण काढूनच ठेवा, बिडीवाला कुणी असेल तर त्याला लांब बसवा. आणि पॅनल असो वा मोटर, प्रत्येक पॉझिटिव्ह वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज पाहिजे. ५५ पाउंडच्या मोटरला ६० अँपिअरचा ब्रेकर लावा, रिसेट होणारा, पाण्यात फ्यूज शोधत बसायला नको.